बत्तीवरून आलेलं पत्र

माझे बाबा बेटावर राहतात, असं मला लहानपणी सांगितलेलं होतं, आणि आमच्या बिडकीनला बेट म्हणजे बांबूचं. ओढ्याच्या काठाला असं एक बेट होतं. पाच-सहा वर्षांची असताना मी भाकरीचा तुकडा घेऊन तिथं गेले आणि वाकून वाकून बाबांना हाका मारल्या. आत एका शेळीशिवाय कुणी नव्हतं. गावाला हसायला हे पुढं कितीतरी वर्षं पुरलं. मी चिडले की आणखी हसायचे. मला आजही त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. बाबा खरोखरच बेटावर होते, फक्त ते बेट समुद्रात होतं, आणि समुद्र आमच्यातल्या कुणीच पाहिला नव्हता.

बाबा मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातले. शाळेची पायरी चढलेले घरातले पहिलेच, आणि तीही निजामाच्या राज्यात, म्हणून उर्दू शिकले. पोरगं आता कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहील, असं आजोबांना वाटायला लागलं आणि नेमकी पोलीस अ‍ॅक्शन झाली. कारभार हळूहळू दुसऱ्या लिपीत गेला. शिकलेला माणूस घरबसल्या अडाणी कसा होतो ते आमच्या घरानं पाहिलं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. शाळेनं मेंढरांमागं जायची सवय मोडली होती आणि कचेरीत कुणी उभं करेना. मग ते गावातल्या एकाच्या ओळखीनं मुंबईला गेले आणि दीपगृहाच्या नोकरीला चिकटले. दीपगृह हा शब्द मात्र मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. तिथं सगळे बत्ती म्हणत, म्हणून बाबाही बत्ती म्हणत आणि आम्हीही. बाबा कुठं असतात? बत्तीवर.

वर्षातून एकदा ते रजेवर यायचे. माय चुलीपुढं भाकरी थापत असायची आणि ते उंबऱ्यावर बसून तिला बत्ती सांगायचे. मनोरा इंग्रजांच्या काळातला, काळ्या दगडाचा. दगड किनाऱ्यावर घडवले, एकेकावर नंबर टाकले, पडावातून बेटावर नेले आणि नंबरवारीनं रचले. आधी आत तेलाच्या वाती जळत, मग रॉकेल आलं. पंपानं हवा भरायची आणि जाळी पेटवायची, लग्नातल्या पेट्रोमॅक्सच्या बत्तीसारखी. ज्योत एवढीशीच. पण तिच्याभोवती पुरुषभर उंचीचं काचांचं भिंग, विलायतेहून आलेलं, आणि ते भिंग पाऱ्याच्या हौदावर तरंगतं, त्यामुळं एका बोटानं ढकललं तरी फिरतं. फिरवायला साखळीला जड वजन टांगलेलं. ते मनोऱ्याच्या पोटातून हळूहळू खाली उतरतं आणि उतरताना वरचं भिंग फिरवतं. तळाला टेकायच्या आत हातानं पुन्हा वर गुंडाळून घ्यायचं. काचा पुसताना अंगात बिनगुंडीचा झगा घालायचा, कारण शर्टाच्या गुंडीचा ओरखडा पडला तर साहेब सोलून काढतो.

मायचे प्रश्न फार सरळ असत. एवढे दगड पडावात चढवले कुणी? पावसाळ्यात पडाव येत नाही तेव्हा पीठ कुठून आणता? प्रत्येक बत्तीची चमक वेगळी असते, कुणाच्या दोन चमका आणि अंधार, कुणाची एकच, आणि त्यावरून आपण कुठं आलो ते जहाजाला कळतं, हे बाबांनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मेंढराच्या कानाला खूण करतात तसं. बाबांना ते इतकं आवडलं की बत्तीवरच्या सोबत्यांनाही त्यांनी ते सांगितलं होतं.

त्यांची एक सवय मायला मुळीच पसंत नव्हती. सकाळी ऊन वर आलं की ते भिंतीवरच्या आरशावर फडकं टाकायचे. बत्तीवर दिवसा भिंगाभोवतीचे पडदे ओढून घ्यावे लागत, नाहीतर तेच भिंग सूर्याचं ऊन आत गोळा करून आग लावतं. दिवा रात्री सांभाळायचा आणि दिवसा त्याच्यापासून घर सांभाळायचं. आमच्या वीतभर आरशानं कसली आग लागणार होती? पण हात गप्प बसत नव्हते. घरात सुतक आहे का, म्हणून माय फडकं ओढून काढायची. बाबा हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकायचे.

मायनं कुणाकडं काही मागितलं, असं मी पाहिलं नव्हतं. मी नऊ वर्षांची असताना तिनं बाबांकडं एकच गोष्ट मागितली. मला एकदा बत्ती दाखवा. बायकापोरांना बेटावर राहायची परवानगी नव्हती, पण साहेबाला अर्ज केला तर चार दिवस जाता येई. दिवाळीच्या सुमाराला समुद्र शांत होतो, तेव्हा रजा काढून तुम्हाला न्यायला येतो, असं सांगून बाबा गेले. माय त्या वर्षी पावसाळाभर वेगळीच बाई होती. पाचोडच्या बाजारातून तिनं हिरवं लुगडं आणलं आणि घडी न मोडता ठेवलं. शेंगांची चटणी कुटली. समुद्राचं पाणी खारं असतं तर मासे जगतात कसे, हे तिनं मलाच विचारलं. ती गाणं म्हणते हे मला त्या वर्षी कळलं.

दिवाळीच्या तोंडावर पत्र आलं.

बाबांच्या पत्रांची गंमत अशी की ती मराठीत असत, पण लिपी उर्दू. दुसरी लिपी त्यांना येत नव्हती आणि दुसऱ्या भाषेत मायशी बोलावं असं त्यांना वाटत नव्हतं. मायला कुठलीच अक्षरं येत नव्हती. मला शाळेतली यायची, ती इथं कामाची नव्हती. म्हणून पत्र आलं की मी बाजारातल्या शिंपीचाचांकडं जायची. चाचा मशीन थांबवून पत्र डोळ्यांजवळ धरत आणि आमची मराठी अडखळत, चाचपडत वाचत. मी ती पाठ करून घरी आणायची आणि मायला म्हणून दाखवायची. माझं पाठांतर चांगलं आहे असा मला गर्व होता.

त्या दिवशी चाचांनी वाचलं ते मी तसंच्या तसं मायला सांगितलं, चाचा जिथं थांबले तिथं थांबून: "येणार होतो ते जमत नाही. देवा, सोडून येता येत नाही. समजून घे. रागावू नको."

मायनं मला पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं. ती उठून गोठ्याकडं गेली.

तिला काय वाटलं ते मला तेव्हा कळलं नाही, पण कळायला फार दिवस लागले नाहीत. बायका दळायला जमल्या की पोरींना ऐकू येतंच. आमच्या गल्लीतल्या एकीच्या नवऱ्यानं मुंबईला दुसरं घर केलं होतं. त्यालाही असंच सोडून येता येत नव्हतं. देवाला हाक मारून सांगावं लागावं असं तिकडं काय असेल जे सुटत नाही? मायनं विचार केला आणि तिला एकच उत्तर सापडलं. ते तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही. मायचा राग वाजत नसे, तो आतच राही.

पुढच्या रजेला बाबा आले ते अर्ज मंजूर करून घेऊनच. आता चल, म्हणाले. माय भाकरी थापत होती. तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "मी नाय येत. मला पाण्याचं भ्या वाटतं."

बाबांना आधी नवल वाटलं, मग हसू आलं. गोदावरीला पूर आल्यावर कडेला उभी राहून बघणारी ही बाई! पण त्यांनी ते खरं धरलं. सरळ माणूस, सांगितलं ते ऐकायचं, एवढंच त्यांना माहीत. पुढं जन्मभर ते कुणालाही कौतुकानं सांगत, आमची वाघाला भिणार नाही, पण पाण्याला भिते. माय तिथंच बसलेली असली तरी काही बोलत नसे. हिरवं लुगडं तिनं माझ्या आत्याला देऊन टाकलं.

मी पंधरा वर्षांची झाले तेव्हा बाबा मला एकटीला घेऊन गेले. समुद्र बघून माझी बोबडी वळली. पडाव लाटेवर चढायचा आणि खाली आदळायचा, आणि मी मनात म्हणत होते की माय आली नाही तेच बरं झालं. मनोऱ्याच्या पायऱ्या चढताना बाबा प्रत्येक वस्तूवर हात ठेवून तिचं नाव सांगत होते. वर त्यांनी मला भिंग ढकलायला लावलं. ते खरंच एका बोटानं फिरलं. पडदे ओढलेले होते, आत दुधाळ उजेड होता, आणि माझ्या बोटानं एवढं मोठं काचेचं घर हलतंय हे मी अजून विसरलेली नाही.

खाली त्यांची राहायची खोली होती. चुन्यानं नवी रंगवलेली. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीवर एक आरसा. मी आरशापुढं उभी राहिले तर त्यात मला माझा चेहरा नीट दिसला. बाबांना मात्र दाढी करताना गुडघे वाकवून उभं राहावं लागत होतं. मी विचारलं, खिळा वर का नाही ठोकला? ते म्हणाले, असू दे, ठोकलाय तिथं ठोकलाय. मला ते येडपट वाटलं. मी उंचीनं मायएवढी झाले होते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

बाबा नोकरीतून मोकळे झाले आणि मायबरोबर अकरा वर्षं राहिले. भांडणं फारशी नव्हती. माय त्यांना वेळेवर जेवायला वाढायची, दुखलं-खुपलं बघायची, आणि त्यांच्याकडं सरळ कधी बघायची नाही. बत्तीवरचा एक सोबती एकदा भेटायला आला आणि म्हणाला, आता तिथं माणूस नाही, सूर्याच्या उजेडावर सगळं चालतं, संध्याकाळ झाली की बत्ती आपोआप लागते. बाबांनी विचारलं, "मग दिवसा पडदे कोण ओढतं?" आता पडद्यांची गरजच नाही, असं सोबत्यानं सांगितलं. बाबांना ते पटलेलं दिसलं नाही. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले.

मी तोवर शहरात कचेरीच्या रेकॉर्ड विभागात नोकरीला होते. निजामाच्या काळची जमिनींची कागदपत्रं सगळी उर्दूत आणि वाचणारे म्हातारे एकेक करून निवृत्त होत चाललेले. त्यातल्या शेवटच्या म्हाताऱ्याच्या मी मागं लागले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला अलिफ-बे शिकवलं. मी ते कामासाठी शिकले, पण खरं सांगायचं तर पहिल्या दिवसापासून माझ्या मनात मायच्या पेटीतली पत्रंच होती. बाबा गेल्यावर त्यांचा आवाज ऐकायची दुसरी वाट माझ्याकडं नव्हती.

क्रांती चौकाच्या मागं माझं घर आहे, माय तेव्हा माझ्याकडं राहायला आली होती. एका रविवारी सकाळी मी पत्रं काढून बसले. घाईघाईनं वाचता येत नव्हतं, अक्षर अक्षर जोडत होते. ते पत्र हातात आलं. येणार होतो ते जमत नाही. पुढचा शब्द: दाल, ये, वाव, अलिफ. देवा. मी पुढं गेले, आणि परत मागं आले. त्या लिपीत देवा असाच लिहितात. आणि बाबांसारखा माणूस दिवा लिहायला बसला तर तोही असाच लिहील. मध्ये स्वल्पविराम नव्हता. तो चाचांच्या श्वासाचा होता, आणि मी तो इमानानं पाठ करून घरी आणला होता.

दिवा सोडून येता येत नाही.

बोलताना बाबा बत्ती म्हणायचे. पण पत्र मायला जायचं होतं, म्हणून त्यांनी चांगला मराठी शब्द शोधून घातला. ते बत्ती लिहिते तर काहीच घडलं नसतं. मला चाचांचा राग आला, लिपीचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या फुशारकीच्या पाठांतराचा आला.

माय तेव्हा आत होती. ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि ती रोजच्यासारखी माझ्या आरशावर फडकं टाकत होती. बाबा गेल्यापासून तिनं हे सुरू केलं होतं. का, ते मी विचारलं नव्हतं. मी तिला खाली बसवलं आणि पत्र वाचून दाखवलं. शब्द कसा फिरला तेही सांगितलं. मग बेटावरच्या त्या खोलीतला आरसा सांगितला, बाबांना गुडघे वाकवायला लावणारा.

तिनं पत्र हातात घेतलं. उलटं धरलं होतं, मी सरळ करून दिलं. ती म्हणाली, "कुठंय त्यो दिवा?" मी बोट ठेवलं. तिनं त्या चार अक्षरांवरून आपलं बोट फिरवलं, पहिल्यांदा डावीकडून, मग मी सांगितल्यावर उजवीकडून.

रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज येत होता.

"मी पाण्याला भ्याले नव्हते," ती म्हणाली. "तेवढं त्यायला सांगायचं राह्यलं."