पिवळी गुलबक्षी

पुस्तकांत कपड्यांविषयी फार कमी लिहिलेलं असतं. हे माझ्या लक्षात आलं ते थोरल्या बहिणीमुळे. ती परतूरला राहते आणि मुलीसाठी गोष्टींतले कपडे शिवते. मी जालन्याच्या एका दैनिकात उपसंपादक आहे. सुटीच्या दिवशी दुपारच्या गाडीने तिच्याकडे जातो. तिचे हात मशीनवर गुंतलेले असतात, म्हणून मोठ्याने वाचण्याचं काम माझ्याकडे. वाचता वाचता मशीनचा आवाज थांबला की प्रश्न येणार हे ठरलेलं.

"बाही कशी हाय ते लिहिलंय का?"

"नाही."

"गळा?"

"नाही. 'निळा झगा' एवढंच आहे."

"मंग काय शिवावं माणसानं? एवढं जाड पुस्तक, अन् पोरीला बाह्याच न्हाईत. तुमच्या पेपरात असं चालतं का?"

"पेपरात बाह्यांच्या बातम्या नसतात, ताई."

"म्हणून तर कुणी वाचत न्हाई."

पुस्तकात नसतं ते ती स्वतः ठरवते. जंगलखात्याच्या चौकीत राहणाऱ्या एका मुलीच्या गोष्टीवरून तिने हिरवा झगा शिवला, त्याला मोठे खिसे लावले. ती मुलगी दिवसभर बिया गोळा करत फिरते, मग त्या ठेवणार कशात, असा बहिणीचा सवाल होता. दुसऱ्या एका गोष्टीतली मुलगी आजारी आईची सगळी कामं करते. त्या झग्याची बाही तिने कोपराच्या वर ठेवली. भांडी घासताना भिजू नये म्हणून.

हे सगळे झगे भाची घरात घालते. ती पाचवीत आहे. मेहुण्यांची बदली झाली तसं हे कुटुंब भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याहून परतूरला आलं. एकाच जिल्ह्यातली ही दोन टोकं. परतूरचं बोलणं काही पुस्तकी नाही, तरी तिकडचं बोलणं इथल्या मुलांना वेगळं वाटतं. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात बाईंनी तिला विचारलं, काय करतेस? ती म्हणाली, "चित्र काढून राह्यले." वर्ग हसला. मधल्या सुटीपर्यंत तिचं नावच 'राह्यले' पडलं.

त्यानंतर ती शाळेत बोललीच नाही. हजेरीला नुसता हात वर करायची. वहीतली उत्तरं बरोबर असायची, वाचायला उभं केलं की खाली बघायची. घरी आल्यावर मात्र तोंडाला कुलूप नसे. असे काही महिने गेल्यावर बाईंनी बहिणीला बोलावून घेतलं. शाळेत वाचनाचा कार्यक्रम होता. प्रत्येक मुलाने आवडत्या गोष्टीतल्या पात्राचा पोशाख करून यायचं आणि त्या पात्राविषयी चार वाक्यं बोलायची.

"मी जबरदस्ती करणार नाही," बाई म्हणाल्या. "पण आता बोलली नाही, तर पुढे तिला तशीच सवय होईल. मला तीच भीती वाटते."

भाचीने घरी एकच अट घातली. "झगा बराबर झाला तर जाईन."

गोष्ट तिनेच निवडली. त्यात बाजाराच्या आदल्या दिवशी एक शेळी हरवते आणि तिला शोधायला एक मुलगी एकटी टेकडीवर जाते. मुलीच्या कपड्यांविषयी अख्ख्या गोष्टीत एक ओळ आहे: तिने गुलबक्षी झगा घातला होता. मी ती ओळ वाचली. बहिणीने नेहमीप्रमाणे बाहीचं विचारलं. रंगाचं विचारलं नाही.

पुढच्या सुटीला गेलो तेव्हा झगा जवळजवळ तयार होता. भरपूर घेर, कमरेला चुण्या. टेकडी चढायची म्हणून उंची पोटरीपर्यंतच. आणि रंग पिवळा.

"ताई, हा पिवळा आहे."

"मंग? गुलबक्षी न्हाई का?"

"गुलबक्षी म्हणजे गडद गुलाबी. थोडा जांभळट."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. कुठल्याही साडीच्या दुकानात विचार."

"दुकानदाराला काय इचारू? केदारखेड्याला सासरी परसात पिवळी गुलबक्षी हाय. रोज सांजच्याला मी पाणी घालत होते तिला. तू कधी पाहिली का गुलबक्षी, का नुसती छापलीच?"

पाहिली होती. जालन्यात मी राहतो त्या खोलीशेजारी होती, गडद गुलाबी. गुलबक्षीचं फूल पिवळं असतं, पांढरंही असतं, हे मलाही ठाऊक होतं. पण रंगाचं नाव म्हणून तो शब्द एकाच रंगासाठी वापरतात, हे मी तिला सांगितलं. पुस्तक उघडून चित्रं पाहिली. ती काळी-पांढरी होती.

बहिणीने झगा मांडीवर घेतला. मग कपाटातून एक गुलाबी कापड काढून ते हाताने मोजू लागली.

"पोरं रंगावरून हसली ना, तर ही पुन्हा तोंड उघडायची न्हाई," ती म्हणाली. "एवढ्यात बसतंय का बघते. घेर कमी करीन."

भाची उंबऱ्यात बसून ऐकत होती.

"राहू दे, मम्मी. पिवळाच."

"अगं, मामा म्हणतेत ना, चुकलाय म्हणून."

"मामाच्या गावची गुलाबी असंल. ही पोरगी आपल्याकडची हाय."

"गोष्टीत तसं कुठे लिहिलंय?" मी विचारलं.

"दुसऱ्या गावचं तरी कुठं लिहिलंय?"

बहिणीने गुलाबी कापड घडी करून पुन्हा कपाटात ठेवलं. तिची काळजी मात्र गेली नव्हती. काजं करताना तिने एक चुकीच्या जागी केलं, ते उसवून पुन्हा करावं लागलं.

कार्यक्रमाला आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलो. भाचीची पाळी आली. ती चालत पुढे गेली आणि वर्गाकडे तोंड करून उभी राहिली. बाईंनी गोष्टीचं नाव सांगितलं, झग्याची ती ओळ वाचून दाखवली. पहिल्या रांगेतली एक मुलगी लगेच उठली.

"मॅडम, गुलबक्षी तर गुलाबी असते. हा पिवळा आहे."

दोन-तीन मुलं हसली. बहिणीने माझं मनगट धरलं. बाई काहीतरी सांभाळून घेणार एवढ्यात भाची बोलली.

"न्हाई. पिवळीबी असती."

"नसते."

"असती. आमच्या केदारखेड्याच्या घरी हाय. दिवसभर मिटलेली राह्यती, सांजच्याला फुलती. तिचं बी मिऱ्यावानी काळं असतं. फोडलं की आत पांढरी पावडर. आम्ही पोरी ती तोंडाला लावून राह्यलो होतो, तर आजीनं ओळखलंच न्हाई."

'राह्यलो'वर वर्ग हसला. ती थांबली. हसणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली आणि पुढे बोलू लागली. फुलांच्या देठांची वेणी दोऱ्याशिवाय कशी गुंफायची, हे तिने दोन्ही हातांनी करून दाखवलं. शेळीचा विषय निघालाच नाही. बाईंनी शेवटी विचारलं, "आणि गोष्टीचं काय?"

"ती नंतर सांगते," भाची म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

कार्यक्रम संपला तशा चार-पाच मुली तिच्याभोवती जमल्या. ती पहिल्या रांगेतलीही त्यांत होती. तिला बी हवं होतं. ते कुठल्या महिन्यात लावायचं, कुंडीत येतं का, असे प्रश्न चालले होते आणि भाची प्रत्येकीला उत्तर देत होती. बहीण तिला घरी न्यायला दारात उभी होती. तिने एकदा हाक मारली. भाचीला ऐकू गेली नाही. बहिणीने दुसऱ्यांदा मारली नाही.

"चल," ती मला म्हणाली. "येईल तिची ती."