पाकिटावरची एक ओळ

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय — ते मलाही नीट ठाऊक नाही.

बापाच्या जिवावर मी मोठा झालो नाही. धुळ्याजवळच्या आमच्या गावात कोरडवाहू तुकड्यापासून बागायतीपर्यंत आलो, तो घासाघीस करून. माझं डोकं लवकर तापतं, हेही गाव जाणतं. शेजारच्या मथुराअक्काकडे सहा म्हशी. त्यांचं शेणखत वर्षानुवर्षं मीच उचलायचो, मी म्हणेन त्या भावानं. एके वर्षी ट्रॉली घेऊन गेलो, तर चार माणसांत ती म्हणाली, "भाऊ, शेन आते मालेच लागी. ट्रॉली रिकामीच न्या, डिझेल तरी वाची."

लोक हसले. मीही हसलो — वरवर.

तिला सांबारात घालतात ते छोटे कांदे लावायचे होते, रासायनिक खताशिवाय. शेणखतावर गूळपाणी शिंपडून त्यात ट्रायकोडर्मा वाढवायची — मुळं सडवणाऱ्या बुरशीला संपवणारी, पिकाच्या कामाची बुरशी. जळगावहून तिनं पाकीट आणलं. अक्षर बारीक, म्हणून वाचून घ्यायला आली — माझ्याकडेच. तो टोमणा ती विसरूनही गेली होती. मी विसरलो नव्हतो.

मी मोठ्यानं वाचलं. सावलीत ठेवा, ओल राखा — सगळं वाचलं. एक ओळ सोडून. रासायनिक बुरशीनाशकासोबत वापरू नका, ही ओळ. चुकून सुटली का? नाही. नजर तिथं थांबली होती. मग मी पुढचं वाचलं.

तरी तिनं विचारलंच, "मंग लावावर नेहमीनी दवाई वतू का नको?"

दवाई म्हणजे लागणीवर ओततात ते रासायनिक बुरशीनाशकच. तेव्हा तरी सांगता आलं असतं ना?

"ओता की, अक्का," मी म्हणालो. "डबल राखण."

तिनं ओतली. खतातली जिवंत बुरशी मेली. पुढं ढगाळ दिवस आले, पाती पिवळ्या पडल्या, कांदे बुंध्याशी मऊ होऊन हातात यायला लागले. दोष कुणाला दिला तिनं? पाकिटाला नाही, मला तर नाहीच.

"मन्हा हातच वाईट शे, भाऊ. लई जा शेन."

शेण न्यायला मी ट्रॉली लावली. भावातही घासाघीस केली — सवयीनं, असं म्हणू? नको. सवय नव्हती ती.

पुढच्या हंगामात तिच्याच शेणखतात मी तीच बुरशी वाढवली. दवाईचा थेंब लागू दिला नाही. छोटे कांदे लावले. एकेका गड्ड्याला सहा-सात आले, टणक. अक्का बांधावर आली, एक गड्डा उपटून किती तरी वेळ हातात फिरवत राहिली. काय घातलं, म्हणून विचारलं.

बियाणं चांगलं होतं, मी म्हणालो.

तिनं त्यातलं थोडं बियाणं मागितलं. मी दिलं. यंदा ते तिच्या वावरात आहे, पुन्हा तसल्याच बुरशीच्या खतावर — आणि ती अजून दवाई ओतते.