परंड्यात अंडं उभं राहिलं

परंड्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागलो, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. शिक्षकांच्या खोलीत एक जुनं विलायती चित्र टांगलेलं होतं. ड्रॉइंगमास्तरांनी ते हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेलं. टेबलाभोवती लांब नाकांची माणसं, एकानं कपाळावर हात मारलेला, अन् एकजण सगळ्यांना अंडं दाखवतोय. मला वाटलं, खानावळीतलं भांडण असावं.

"भांडण न्हाय हो," ड्रॉइंगमास्तर म्हणाले. "हा अमेरिका शोधणारा खलाशी. लोक म्हणाले, त्यात काय मोठं, कुणालाबी जमलं असतं. ह्यानं म्हटलं, मग हे अंडं टोकावर उभं करा. कुणाला जमेना. ह्यानं बूड ठेचलं अन् ठेवलं उभं! बाकीच्यांची थोबाडं बघा, काय खुबीनं काढलीत."

हेडमास्तरांना ही गोष्ट लई आवडली. तपासणीचे साहेब यायचे होते. त्यांच्यापुढं हेच नाटक करायचं ठरलं. खलाशी अर्थातच हेडमास्तर. आम्ही दोघं दरबारी. तिसरा मिळेना, म्हणून संस्कृत शिकवणाऱ्या शास्त्रीबुवांना गळ घातली. त्यांनी जन्मात अंड्याला हात लावला नव्हता.

"एकदाच शिवेन," ते म्हणाले, "पुन्हा न्हाय."

नाटकाच्या दिवशी हेडमास्तर बायकोचा जरीचा शालू पांघरून उभे राहिले. टेबलावर जाडीभरडी सतरंजी अंथरली होती. मी अंडं ठेवलं, ते लवंडलं. ड्रॉइंगमास्तरांनी ठेवलं, तेही लवंडलं. मग शास्त्रीबुवांनी डोळे मिटून, दोन बोटांच्या चिमटीत धरून अंडं टेकवलं आणि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

अंडं उभं राहिलं.

मग पोरांनी टाळ्यांनी शाळा डोक्यावर घेतली.

"पाडा ते!" हेडमास्तर दात-ओठ खात म्हणाले.

"एकदाच ठरलं होतं!" शास्त्रीबुवा दोन पावलं मागं सरले.

हेडमास्तरांनी फुंकर घातली. टेबलाला गुडघा मारला. अंडं ढिम्म. शेवटी त्यांनी ते उचललं आणि चिडून असं आपटलं, की पिवळा बलक थेट शालूच्या पदरावर. अंडी उकडून आणा, असं ड्रॉइंगमास्तरांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तरीही हेडमास्तरांनी खलाशाचं शेवटचं वाक्य सोडलं नाही. चिकट हात वर करून ते गरजले, "जमलं असतं सगळ्यांना, पण सुचलं मला!"

साहेब हसून हसून डोळे पुसत होते. "हेडमास्तर, ह्या हिशोबानं अमेरिका शास्त्रीबुवांची झाली की!"

पडदा पडताच शास्त्रीबुवा आडाकडं धावले. मी पाणी शेंदलं, ते राख लावून हात चोळत राहिले. बोटं लाल झाली, तेव्हा थांबले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हळूच म्हणाले, "पण काय ताठ उभं होतं हो!"