अण्णांचं बोट

खंडोजीअण्णा ट्रॅक्टर दुरुस्त करायला यायचे ते हळदीचा डबा घेऊन. पान्यांची पिशवी मोपेडवरून मागाहून उतरायची, आधी डबा. रॉकेलने धुऊन कोरड्या केलेल्या ट्रॅक्टरच्या एकेका जोडावर, एकेका नटावर ते चिमूटभर हळद दाबून लावायचे आणि बाजूला होऊन चहा मागायचे. बेंगळुरूजवळच्या आनेकलच्या आसपासचे शेतकरी समजायचे, माणूस फार देवभोळा आहे. प्रत्यक्षात अण्णा देवळात क्वचितच दिसत.

मी पुण्याचा. बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात हायड्रॉलिक विभागात इंजिनिअर, म्हणजे तेलाच्या दाबावरच माझं पोट. सासरे इथले पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठे. आनेकलजवळ त्यांची चार एकर नाचणी होती आणि माझ्या बायकोपेक्षा वयाने मोठा असलेला एक ट्रॅक्टर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं तेल गळू लागलं. नांगर अर्धाच उचलायचा आणि पंपाखाली थारोळं साचायचं. घरचा जावई इंजिनिअर असताना मिस्त्री कशाला, अशा थाटात मी दोन रविवार पंप खोलून सगळी सीलं बदलली. तेल गळतच राहिलं. मग सासऱ्यांनी मला न विचारता अण्णांना निरोप धाडला.

अण्णांनी हळद लावली, चहा घेतला, सासऱ्यांना दहा वेळा नांगर वरखाली करायला लावला. मग इंजिन बंद करून मला सीटमागे बोलावलं. पंपापासून हातभर वर, पाइपाच्या एका नटावरची हळद काळी पडली होती. तेल तिथून निघून कडेकडेने खाली येत होतं आणि पंपाखाली टपकत होतं.

"जावईबापू, तेल टपकतंय तिथनंच येतंय असं न्हाई," ते म्हणाले. "स्वल्प वर बघायचं असतं. बिचाऱ्या पंपाला तुम्ही दोन आयतवार उगीच फाडलं."

मला राग आला. तरी पुढच्याच आठवड्यात कारखान्यात एका हट्टी गळतीवर मी खडूची पूड लावून हीच युक्ती केली आणि साहेबांची शाबासकी मिळवली. विद्या कुणाची, ते मी सांगितलं नाही.

अण्णांचा कायदा एकच होता. इंजिन चालू असेल तोवर हात खिशात. बारीक गळती शोधायची तर ते साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा पाइपावरून फिरवायचे, बोट कधीच नाही. "बारीक भोकातनं तेल बोटात सुईगत शिरतं बघा, कळतबी न्हाई," हे प्रत्येक गिऱ्हाइकाला दर खेपेला ऐकवायचे. मलाही ऐकवायचे. दाब म्हणजे काय ते हे मला शिकवणार, म्हणून मी मनातल्या मनात हसायचो.

त्यानंतरच्या खंडेनवमीला, म्हणजे इकडच्या आयुधपूजेला, सासऱ्यांनी अण्णांना जेवायला बोलावलं होतं. ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा, बोनेटला केळीचे खांब. पूजा चालू इंजिनाचीच करायची, ही सासऱ्यांची रीत. ते सीटवर बसून नांगर उचलत होते आणि मी कुंकवाचं ताट घेऊन अण्णांची नक्कल करत एकेका जोडाला बोट लावत चाललो होतो. माळा बाजूला सारून मी सीटमागच्या पाइपाकडे हात नेला.

"अय्यो, हात काढा!" अण्णा ओरडले आणि त्यांनी माझा हात उडवून लावला. तसं करताना त्यांची उजवी तर्जनी पाइपाला पडलेल्या, कुणाला न दिसलेल्या बारीक भोकासमोरून गेली.

बोटावर नुसता एक लाल ठिपका होता. "स्वल्प टोचलं. रक्तबी न्हाई," ते म्हणाले.

असं टोचलं तर तासाभरात हॉस्पिटल गाठा, ही पाटी आमच्या कारखान्याच्या भिंतीवर होती. मी ती रोज वाचायचो. पण आत होळिगे, म्हणजे इकडच्या पुरणपोळ्या, तव्यावर होत्या, सणाच्या दिवशी शहराकडे जाणाऱ्या बस कमी, आणि अण्णा स्वतःच हसत होते. मीही म्हणालो, "काही नाही, जेवून घेऊ." यासाठी मी स्वतःला आजवर माफ केलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत हात मनगटापर्यंत सुजला. सकाळी शहरातल्या डॉक्टरांनी आधी विचारलं ते किती तास झाले. बोट मुळापासून काढावं लागलं. अण्णा तीन महिन्यांत डाव्या हाताने पाना धरायला शिकले, पण नटाचे आटे बोटाने चाचपून ओळखायची त्यांची कला गेली आणि कामही निम्म्यावर आलं.

त्यात गावोगाव कुचेष्टा सुरू झाली: जगाला शिकवणाऱ्या अण्णाने स्वतःच चालू इंजिनात हात घातला! चौकशी केली तर कळलं, हे सांगत फिरणारे खुद्द अण्णाच. मी तडक त्यांच्या घरी गेलो आणि असं का, म्हणून विचारलं.

"तुमचा हात होता म्हटलं, तर लोक तुम्हाला हसतील आणि विसरतील," ते म्हणाले. "अण्णाचंच बोट गेलं म्हटलं की आपला हात मागं घेतात. सरी, ठीक हाय, सोडा आता."

मी सोडलं. मला ते सोयीचंही होतं, हे कबूल करायला हवं.

दशक संपता संपता अण्णा हृदयविकाराने गेले. तेराव्याच्या पंगतीत शेजारचा एक शेतकरी हळहळत म्हणाला, एवढा जाणता माणूस, एकदाच चुकला. माझा घास हातातच राहिला. मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणालो, की ते चुकले नव्हते. हात मी घातला होता, त्यांनी तो वाचवला.

अण्णांच्या बायकोला, अक्कांना, मराठीत वेगळं सांगायची गरज पडली नाही. भाताचं पातेलं घेऊन त्या माझ्यासमोरच उभ्या होत्या.

"मलाबी न्हाई सांगितलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं मी त्यांनाच बोल लावत होते."

पातेलं खाली ठेवून त्या तिथेच बसल्या.