टेबलाखालची केबल

बाईंना एकच गोष्ट हवी होती. सोमवारी गुडघ्याचं ऑपरेशन. रजेचा अर्ज दोन महिने डायरेक्टरांच्या टेबलावर पडून होता आणि त्यांचं पालुपद ठरलेलं, "आधी तुमच्या जागी माणूस निवडा, मग सही." एकोणीस वर्षं त्या इस्पितळाचं सगळं नेटवर्क बाई एकट्या सांभाळत होत्या. औषधांच्या खिडकीपासून एक्स-रेपर्यंत कुठेही संगणक अडला की बाई लंगडत जिने चढायच्या. त्यांच्या हाताखाली आणखी एक माणूस असावा, हे इतक्या वर्षांत एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं.

शेवटी शुक्रवारी मुलाखती लागल्या. घेणारे तिघं. डायरेक्टर, बाई आणि भरतीचा अधिकारी. या अधिकाऱ्याला पाठीमागे सगळे टापटीप म्हणत, कारण टेबलावरचं पेनही त्याला काटकोनात लागे. नेटवर्क कशाशी खातात ते त्याला ठाऊक नव्हतं, पण मुलाखती कशा घ्याव्यात याचा तीन दिवसांचा कोर्स त्याने केला होता. गुणांचे तक्ते त्यानेच आखले होते. त्यात आत्मविश्वासाला वीस गुण आणि कामाला दहा.

पहिला उमेदवार प्रमाणपत्रांची जाडजूड फाईल घेऊन आला.

"नेटवर्क मंद झालं तर आधी काय बघाल?" बाईंनी विचारलं.

"समस्येचं विश्लेषण करेन."

"कसं?"

"सखोल."

बाईंनी पुढचं विचारलंच नाही.

दुसरी आली ती एक मुलगी. चार वर्षं एका हॉटेलात केबली ओढलेली, बोटं खरखरीत. बाईंच्या दोन प्रश्नांची उत्तरं तिने नीट दिली आणि तिसऱ्याला म्हणाली, "माहीत नाही. बघून सांगेन." बाई पहिल्यांदाच खुर्चीत सावरून बसल्या. टापटीपने मान हलवत शून्य मांडलं.

"पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" त्याने कोर्सातला प्रश्न काढला.

"सकाळची पाळी मिळाली तरी खूप आहे," मुलगी म्हणाली.

तिला बाहेर बसवलं. तेवढ्यात टापटीपला टेबलाखाली एक केबल लोंबकळताना दिसली. एक टोक तिथल्या नेटवर्कच्या केबल जोडायच्या छोट्या डबीवजा स्विचमध्ये, दुसरं मोकळं. गबाळेपणा त्याला बघवेना. बाई तक्ता भरत होत्या, तोवर हा वाकला आणि मोकळं टोकही त्याच स्विचच्या रिकाम्या भोकात खोचून मोकळा झाला.

तिसरा उमेदवार कोटात होता. बोलणं असं गुळगुळीत की कुठे हात ठेवावा कळेना. एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली तर निरोप आत गोल गोल फिरतात आणि सगळं नेटवर्क गुदमरतं, हे तो हातवारे करून समजावत होता. डायरेक्टर माना डोलावत होते. इकडे बाईंचा फोन वाजायला लागला. नोंदणीची खिडकी बंद. मग औषधांची. मग एक्स-रे.

"लूप झालाय कुठेतरी," बाई म्हणाल्या. "तुम्ही आत्ता सांगत होतात तोच. शोधा."

"आधी मला नेटवर्कचा नकाशा लागेल," कोटवाला म्हणाला आणि पायावर पाय टाकून बसला.

दारातून मुलगी डोकावली. "ती टेबलाखालची वायर मगाशी मोकळी होती ना?" उत्तराची वाट न बघता ती रांगत आत शिरली आणि टोक उपसलं. मिनिटाभरात फोन थांबले.

"मी फक्त आवरत होतो," टापटीप म्हणाला.

उमेदवार गेल्यावर त्याने बेरीज केली. कोटवाला पहिला.

"काय शांत राहिला हो गडी," डायरेक्टर म्हणाले.

"त्याला काही कळलंच नाही, म्हणून शांत," बाई म्हणाल्या.

"आणि ती मुलगी टेबलाखाली शिरली. मुलाखतीला असं वागतात का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं, जिना उतरून फाटकापाशी मुलीला गाठलं. ती गुडघ्यांवरची धूळ झटकत होती.

"थांब जरा. निवडीवर मी सहीच करत नाही. परत जाहिरात काढायला लावते, तू परत अर्ज कर."

"आणि तुमचं ऑपरेशन? बाहेरचा शिपाई तुमचं सगळं सांगत होता."

"ते बघू."

मुलगी हसली नाही. "बाई, राग मानू नका. त्या दोघांच्या हाताखाली मी नाही यायची. तुम्ही एकोणीस वर्षं कशी काढलीत?"

टापटीपची, डायरेक्टरांची अक्कल त्या रोज काढत. पण पडलेलं सगळं पुन्हा उभं करून त्यांची लाज झाकत आल्या होत्या त्याच. आपण कसल्या शहाण्या, असं त्यांच्या मनात आलं आणि त्याची त्यांना चीड आली.

त्या जिना चढून वर आल्या आणि कोटवाल्याच्या नावापुढे सही केली. मग रजेचा अर्ज डायरेक्टरांपुढे सरकवला.

"शेवटी पटलं ना?" सही करत ते म्हणाले.

"तुम्हाला शोभेल असा माणूस आहे."

"अडलं तर तुम्हाला फोन करूच."

"करा," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या देखत फोन बंद करून पर्समध्ये टाकला.