एक किलोमीटर तीनशे ऐंशी मीटर

शाळेच्या बससाठी मुलांच्या घरांची अंतरं मोजण्याचं काम आमच्या छोट्या कंपनीकडे आलं, तेव्हा ते मी मागून घेतलं. शाळा परळची, मी स्वतः तिथेच शिकले. ज्या वर्गात आम्हाला भिंतीवरच्या नकाशात नद्या दाखवल्या गेल्या, त्याच वर्गात आता मी लॅपटॉप उघडून बसणार होते, आणि या कल्पनेचं मला फार अप्रूप होतं. तीन बसपैकी एक बंद होणार होती. कोणाची जागा जावी हे ओळखीपाळखीवर ठरू नये, अंतरावर ठरावं, असं मुख्याध्यापिकांचं म्हणणं होतं. पायी अंतर दीड किलोमीटरच्या आत असेल, तर बस नाही. मला असे स्वच्छ नियम आवडतात.

कष्टाचं काम होतं ते पत्ते नकाशावर बसवण्याचं. ‘मंडळाच्या मैदानासमोर’, ‘पिठाच्या गिरणीच्या वर’ असं पालकांनी लिहिलेलं. सॉफ्टवेअरला ते कळणं शक्य नव्हतं. मला कळत होतं, कारण माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. एकेक ठिपका मी हाताने उचलून नेमक्या इमारतीवर ठेवला. त्यानंतर काही मिनिटांतच सगळी अंतरं मीटरसकट तक्त्यात उतरली.

यादी दाखवायला मी बसवरच्या मावशींकडे गेले. मुलांना चढवणं-उतरवणं हे त्यांचं कित्येक वर्षांचं काम. दुसरीतल्या एका मुलीच्या नावापाशी त्यांचं बोट थांबलं.

“ही चालत येणार? कुठून?”

“जुन्या गिरणीच्या कंपाउंडातून. एक किलोमीटर तीनशे ऐंशी मीटर.”

“मॅडम, तिथून आता मांजर जात नाय. टॉवरवाल्यांनी गेट टाकलंय.”

“पायी जाणाऱ्यांना वाट ठेवावीच लागते, मावशी.”

“हां, लागते ना. वॉचमनला जाऊन सांगा तसं. तुमचा कम्प्युटर बघून सलाम ठोकेल.”

शेजारी उभा असलेला बसचा ड्रायव्हर खो खो हसला. मला ते लागलं. पण मी मावशींचं ऐकलं नाही, याचं कारण केवळ राग नव्हतं. ती वाट मला पायाखालची होती. आजोबा ज्या कापडगिरणीत कामाला होते ती बंद पडून वर्षं लोटली होती, तरी तिच्या कंपाउंडातून पलीकडे जाता येई, आणि मी दहावीपर्यंत तशीच शाळेत गेले. पुढे कॉलेजात असताना, कोणालाही भर घालता येईल अशा एका खुल्या नकाशावर मीच ती वाट रेखली होती. आमच्या गल्ल्या नकाशात नसतात, याची तेव्हा चीड होती. आता सॉफ्टवेअर अंतर काढत होतं ते त्याच नकाशावरून. म्हणजे माझीच आठवण ते मला मीटरमध्ये मोजून परत देत होतं, आणि मी तिला पुरावा समजत होते.

गेटपर्यंत जाऊन यायला अर्धा तासही लागला नसता. पण अहवाल मुदतीआधी द्यायचा होता. हे काम वरिष्ठांसमोर सादर करून मला बढती मिळवायची होती, आणि तक्त्यात एकही अपवाद नसणं हाच तर त्याचा डौल होता.

मुलीची आई शाळेत भेटायला आली. ती एका रुग्णालयात आया होती. ड्युटीवरून थेट आलेली, निळ्या साडीतच.

“ताई, तुम्ही लालबागच्याच ना? मग तुम्हाला तरी माहीत पाहिजे. पुलाखालून वळसा घालून यावं लागतं. सकाळी सातला माझी ड्युटी. हिचा हात धरून कोण आणणार, तुमचा नियम?”

“नियम सगळ्यांना सारखाच आहे,” मी म्हणाले. हे वाक्य मी किती शांतपणे उच्चारलं, ते मला अजून आठवतं.

दिवाळीनंतर दुसऱ्या एका कामासाठी शाळेत गेले, तेव्हा मावशींनी सांगितलं, “ती पोरगी गेली. आईने दाखला काढला.” त्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच मी त्या दुपारी गिरणीच्या कंपाउंडापाशी गेले. वाटेच्या जागी उंच भिंत, कुंड्या, सरकतं गेट. वॉचमनने विचारलं, “किसके घर जाना है?” मी मागे वळले. मग त्या मुलीच्या चाळीपासून शाळेपर्यंत मी मुख्य रस्त्याने, उड्डाणपुलाखालून दोनदा रस्ता ओलांडत चालले, फोनवर अंतर मोजत. दोन किलोमीटर शंभर मीटर भरलं.

मी चूक लेखी कबूल केली. मुख्याध्यापिकांनी प्रवेश आणि बसची जागा दोन्ही परत देण्याचं पत्र दिलं, आणि ते घेऊन मी स्वतः त्या चाळीत गेले.

आईने पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून माझ्या हातात ठेवलं. “आता नको, ताई. कोपऱ्यावरच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत घातली तिला. पहिले चार दिवस बसच्या वेळेला दप्तर घेऊन खाली जाऊन उभी राहायची. आता कुठे मैत्रिणी झाल्यात. परत कशाला उपटू?”

मी माफी मागितली. तिने मान हलवली. ठीक आहे, असं काही ती म्हणाली नाही. मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, “खालच्या दोघांना मिळाली का बस?”

“कोण दोघं?”

“तळमजल्यावरची. भाऊ-बहीण. ती चालतात अजून.”

मी फोनवर तक्ता उघडला. त्याच चाळीचा पत्ता, तीच वाट. त्या मुलीच्या बरोबर खालच्या दोन ओळी. जिची तक्रार आली, तेवढीच ओळ मी दुरुस्त केली होती. एक वाट चुकली, तर तिच्यावरून मोजलेलं प्रत्येक अंतर चुकतं, हे मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजावून सांगितलं असतं.

“किती वाजता येतात?”

“येतीलच आता.”

आम्ही दोघी गॅलरीत उभ्या राहिलो. बऱ्याच वेळाने ती दोघं फाटकातून आत आली. बहिणीने स्वतःचं दप्तर पाठीवर आणि भावाचं पोटावर घेतलं होतं. मी जिना उतरून त्यांच्याकडे निघाले. माझ्या हातात एकच पत्र होतं, आणि त्यावर त्या दोघांपैकी कोणाचंही नाव नव्हतं.