पालथी ठेवलेली फाईल

मी वकिलांसाठी ॲप बनवते. कुठली केस कुठल्या कोर्टात, पुढची तारीख काय, अशिलाचा नंबर काय, सगळं एका स्क्रीनवर. आणि ते सोपं पाहिजे हा माझा हट्ट, इतकं सोपं की शिकवायलाच लागू नये.

कोल्हापुरात वापरून बघायला पहिल्यांदा तयार झाल्या त्या एक वकीलबाई. त्यांची अट एकच. गाडी चालवताना त्या फोन उचलत नाहीत, कोर्टात तर नाहीच, त्यामुळं आज काय राहिलंय ते एका नजरेत दिसलं पाहिजे. मग मी लिस्ट केली. आजची कामं लाल ओळीत. काम झालं की ओळीवरून बोट सरकवायचं, ओळ गायब. सगळ्या ओळी गेल्या की स्क्रीन हिरवीगार, 'आजचं सगळं झालं'. मला ती हिरवी स्क्रीन इतकी आवडायची की घरी खोट्या केसेस भरून नुसती सरकवत बसायचे.

त्याआधी तीन आठवडे मी बाईंच्या कारकून मामांच्या मागं कोर्टभर फिरले होते. मामा माझ्या जन्माच्या आधीपासून हेच काम करतायत. काखेत फायलींचा गठ्ठा आणि वरखाली जिने. गठ्ठ्यातली एखादी फाईल ते वर आणून पालथी ठेवायचे. मी बघितलं होतं. वहीत लिहिलंपण होतं, 'काही फायली उलट्या, गडबड'. पण विचारलं नाही. मला वाटलं घाईत होत असेल.

मग तो सोमवार आला, पहिला दिवस फक्त ॲपवर. मामा आले आणि म्हणाले, "तारखांची डायरी घरात ठिवून आलोय. आता तू जाण आन तुझं मशीन जाणं."

मी म्हटलं बिनधास्त राहा.

दीडच्या सुमाराला स्क्रीन हिरवी झाली. बाईंनी ती बघितली, मला छान म्हणाल्या आणि जेवून पावणेतीनला दुपारच्या कामाला पेठ वडगावच्या कोर्टात निघून गेल्या. मामा कोर्टाच्या कागदांच्या नकला घ्यायच्या रांगेत उभे राहिले. मी कँटीनमध्ये चहा घेत स्क्रीनशॉट मैत्रिणीला पाठवत होते, तेवढ्यात एक माणूस समोर येऊन उभा राहिला. कागलकडचा दूधवाला, बाईंचा अशील. मी ओळखत होते, कारण त्याची केस मीच ॲपमध्ये भरली होती. त्याच्या गोठ्याचा रस्ता शेजाऱ्याच्या रानातून जातो. शेजाऱ्याला तिथं भिंत घालायची होती आणि कोर्टानं स्टे दिला होता. स्टे फक्त आजपर्यंत.

"बाई कुठं हाईत ताई? आमचं जेवणानंतर हाय न्हवं?"

मी म्हटलं, तुमचं झालंय की. आणि फोन दाखवला.

त्यानं फोनकडं बघितलंच नाही. म्हणाला, सकाळी पुकारा झाला तवा मी सोता तिथं हुतो. पलीकडच्या वकिलानं येळ मागितला, सायबांनी दुपारी ठेवलं. बाई तेव्हा दुसऱ्या कोर्टात होत्या, मामा एकटेच होते. आणि मग हळूच म्हणाला, "जेसीबी कालपास्नं बांधावर उभा हाय."

मी चहा तसाच ठेवला. ॲपचा लॉग उघडला, कुणी काय कधी केलं त्याची नोंद. पावणेबाराला ओळ सरकवलेली. मामांनीच.

बाईंना फोन केला, रिंग जाऊन बंद. परत केला, परत तेच. गाडीत असणार. मेसेज टाकला, दुसरा टाकला, 'दुपारी' मधला 'दु' तीन वेळा चुकला. मग नकलेच्या खिडकीकडं पळत सुटले, दूधवाला मागनं.

मामांनी ऐकलं आणि रांग सोडली. जिना चढताना मला म्हणाले, पुकारा हून दुपारी ठिवल्यालं बाजूला करायला तुझ्यात दुसरं बटणच न्हाय, मी काय करू. फाईल म्या वरच ठिवलीया, पालथी. बाई जाताना रोज गठ्ठा बघतात.

आज बघितला नव्हता. बघायला लागू नये हाच तर माझा सगळा खटाटोप होता.

आम्ही दारात पोचलो आणि आतून नाव पुकारलं गेलं. न्यायाधीशांपुढं बोलणार वकील, नाहीतर ज्याची केस तो; मी बोलू शकत नाही, मामा बोलू शकत नाहीत. मामांनी दूधवाल्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत ढकललं.

"सायेब, मी हाय. माझ्या बाई वडगावास्नं येत्यात. तेवढा येळ द्या."

पलीकडचे वकील उठले, रोज हेच चालतं म्हणाले. न्यायाधीशांनी घड्याळ बघितलं. चार वाजेपर्यंत थांबतो, मग आदेश करतो.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तीन वीसला बाईंचा फोन आला, नुकत्याच वडगावात उतरल्या होत्या. ऐकून घेतलं आणि तशाच परत फिरल्या. पुढची चाळीस मिनिटं मी दारातल्या बाकड्यावर बसून होते. दूधवाला बसलाच नाही. मध्ये एकदा त्यानं मला विचारलं, वाटंत शिरोलीला गर्दी असंल का? मी म्हटलं नसेल. मला काय माहीत.

चारला चार मिनिटं कमी असताना बाई जिन्यात दिसल्या, घामानं भिजलेल्या. गाऊन चालता चालताच अंगावर घेतला. पंधरा मिनिटांनी बाहेर आल्या. स्टे पुढच्या तारखेपर्यंत वाढला. दूधवाल्यानं तिथंच घरी फोन लावला आणि एवढंच म्हणाला, "ऱ्हायला."

मग बाई मामांकडं वळल्या. इतकी वर्षं झाली, 'झालं' आणि 'पुढं ठेवलं' यातला फरक तुम्हाला कळत नाही का, असं सगळ्यांसमोर. मामांनी फायलींचा गठ्ठा काखेत नीट केला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझं नाव ते घेणार नव्हते, मला माहीत होतं.

मी म्हटलं, मॅडम, त्यांना कळतो. ॲपमध्ये तो फरक मीच ठेवला नव्हता. वहीतलं ते 'गडबड' पण सांगितलं. बाईंनी गाऊन काढून हातावर टाकला. मग म्हणाल्या, हे दुरुस्त होईपर्यंत डायरी.

त्या गेल्यावर मामांनी माझा फोन मागितला. हिरवी स्क्रीन अजून तशीच होती. त्यांनी तो बाकड्यावर पालथा ठेवला आणि दूधवाल्याची फाईल त्याच्याशेजारी, तशीच पालथी.

"ह्ये असं," म्हणाले. "काम झालेलं न्हाय. सोडूनबी दिल्यालं न्हाय. एवढं शिकव त्याला."